कॅमेऱ्याला हालचाल कशी कळते?

बंगल्याच्या फाटकावर किंवा सोसायटीच्या जिन्यात बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात ‘मोशन डिटेक्शन’ची सोय आता सर्रास असते. मात्र मांजर गेले, पाऊस पडला, दिवा लागला की मोबाइलवर सूचना येत राहते आणि काही दिवसांतच कंटाळून ती सोय बंद करून टाकणारे लोकही पुष्कळ आढळतात. यात दोष बहुधा कॅमेऱ्याच्या दर्जाचा नसतो; तो नेमके काय मोजतो हे समजून न घेता सेटिंग केलेले असते.

साधा कॅमेरा फक्त उजेडातला बदल मोजतो. १०८० पी दर्जाच्या प्रत्येक फ्रेममध्ये (चित्रणातल्या एकेका स्थिर चित्रात) १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकाची प्रखरता सहसा ० ते २५५ या आकड्यांत नोंदली जाते. कॅमेऱ्यातील किंवा डीव्हीआरमधील (चित्रण साठवणाऱ्या यंत्रातील) प्रोग्राम लागोपाठच्या फ्रेमची वजाबाकी करतो. जिथे फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निघतो ते पिक्सेल बदललेले धरतो आणि अशा पिक्सेलनी पुरेशी जागा व्यापली की हालचाल झाल्याचे कळवतो. याहून प्रगत पद्धतीत पार्श्वभूमी सतत शिकून घेतली जाते. एमआयटीतील ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकेका पिक्सेलच्या अनेक संभाव्य छटा लक्षात ठेवल्या जातात, त्यामुळे वाऱ्याने डोलणारे हिरवे पान आणि त्यामागची पांढरी भिंत अशी दोन्ही दृश्ये नेहमीचीच मानली जातात.

सेटिंगमधल्या दोन मुख्य आकड्यांचा अर्थ यावरून उलगडतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती बारीक फरक मोजायचा आणि थ्रेशोल्ड म्हणजे त्या फरकाने किती जागा व्यापल्यावर दखल घ्यायची, असे सर्वसाधारणपणे समजावे. नावे कंपनीगणिक बदलतात. इथे अंतराचे गणित महत्त्वाचे ठरते. तीन मीटरवरचा माणूस बारा मीटरवर गेला की चित्रातली त्याची उंची आणि रुंदी प्रत्येकी एक चतुर्थांश होते, म्हणजे क्षेत्रफळ सोळावा भाग उरते. म्हणूनच फाटकाजवळ चोख चालणारा थ्रेशोल्ड अंगणाच्या टोकाला निरुपयोगी ठरू शकतो. कॅमेऱ्यात वेगवेगळे झोन आखण्याची सोय असेल, तर जवळच्या आणि लांबच्या जागेला निरनिराळे आकडे द्यावेत, आणि रस्ता, झाडाचा शेंडा, वाळत घातलेले कपडे व शेजाऱ्यांचे दार हे सारे झोनबाहेर ठेवावे.

खरी कसोटी रात्री लागते. तिन्हीसांजेला कॅमेरा रंगीत चित्रावरून कृष्णधवल चित्रावर जातो, तेव्हा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवणारी काच सेन्सरसमोरून सरकते आणि संपूर्ण चित्रच क्षणात बदलते. रोज त्याच सुमारास येणाऱ्या खोट्या सूचनेचे मूळ अनेकदा इथे सापडते. पुढे कॅमेऱ्याचे ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे लागतात आणि किडे भोवती जमतात. भिंगापासून दहा सेंटिमीटरवर उडणारा एक सेंटिमीटरचा किडा चित्रात दहा मीटरवरच्या एक मीटर उंचीच्या वस्तूएवढा दिसतो. शिवाय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश क्षीण होत असल्याने त्याच्यावर पडणारा उजेड दहा मीटरवरच्या माणसाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट असतो. कोळ्याचे जाळे आणि कोकणातल्या पावसाळ्यात छपरावरून गळणाऱ्या पागोळ्यांची गतही हीच. सेन्सिटिव्हिटी कमी करून हा त्रास फारसा जात नाही, कारण किड्याची खूण माणसाच्या खुणेपेक्षा प्रखर असते. भिंग आणि आजूबाजूची जागा नियमित पुसणे, कॅमेरा पागोळीच्या रेषेतून हलवणे आणि शक्य असल्यास अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळा बसवणे हेच उपाय उपयोगी पडतात.

बॅटरीवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत पीआयआर सेन्सर असतो. मानवी त्वचेतून बाहेर पडणारे, सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असणारे उष्णतेचे प्रारण तो टिपतो. परंतु त्याला माणूस आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे तापलेली भिंत त्वचेच्या तापमानाजवळ असते, तेव्हा त्याचा पल्ला बराच घटतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, म्हणून असा कॅमेरा येण्याच्या वाटेला काटकोनात बसवावा. खिडकीच्या काचेआडून तो जवळजवळ काम करत नाही, कारण साधी काच हे प्रारण अडवते.

माणूस आणि वाहन वेगळे ओळखणारी सोय उपलब्ध असल्यास ती जरूर वापरावी. खोट्या सूचना तिने पुष्कळ कमी होतात. तरी केवळ हालचालीच्या वेळीच चित्रण करण्यावर मी विसंबणार नाही. दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो, म्हणजे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर दीड महिन्याचे अखंड चित्रण मावते. एक-दोन कॅमेरे असतील तर चित्रण अखंड ठेवावे आणि मोशन डिटेक्शन सूचनेसाठी वापरावे.

सेटिंग झाल्यावर घरातल्या कुणाला तरी रात्री, गडद कपड्यांत, येण्याच्या प्रत्येक वाटेने हळू चालायला सांगावे आणि सूचनेसोबतची क्लिप उघडून पाहावी. ती पाठमोऱ्या माणसापासून सुरू होत असेल, तर प्री-रेकॉर्डची, म्हणजे हालचाल कळण्याआधीच्या चित्रणाची, वेळ पाच-दहा सेकंदांपर्यंत वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी.