सैन्यभरती कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान व प्रेरणा

सैन्यासाठी उमेदवार शोधणाऱ्या व पारखणाऱ्या अधिकारी-जवानांना त्या कामातून मिळणारे समाधान आणि ते नेटाने करण्यामागची प्रेरणा. औद्योगिक मानसशास्त्र व लष्करी प्रशासन या दोन्हींत हा विषय मोडतो.

भारतात भरती हे मुळात पलटणींचेच काम होते. रजेवर गेलेला शिपाई गावातील भाऊबंदांना सोबत घेऊन येई. स्वतंत्र भरती अधिकारी साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेले दिसतात. पहिल्या महायुद्धात भरती करून आणलेल्या माणसामागे आणणाऱ्याला बक्षीस देण्याची प्रथा होती. पंजाबात तिच्या जोडीला सक्तीही आली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धांतानुसार (१९५९) वेतन, देखरेख व कामाची परिस्थिती नीट असल्यास केवळ असमाधान टळते. समाधान मिळते ते यश, दखल व जबाबदारी यांतून. हा निष्कर्ष पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. यशाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे ही विभागणी मुलाखतीच्या पद्धतीतूनच उपजते, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये घेतला. भरतीच्या कामाला तो विशेष लागू पडतो. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबल्यावर भरती कर्मचाऱ्यावर मासिक उद्दिष्ट आले, आणि ते गाठणे हेच यश व तेच कामाचे ओझे ठरले. प्रयत्न, फळ व मोबदला यांची साखळी मांडणारी व्रूम यांची उपपत्ती येथे अधिक समर्पक वाटते. उद्दिष्टाच्या ओझ्याचा प्रश्न किती गंभीर मानला गेला हेही दिसते: टेक्सासमधील ह्यूस्टन येथील भरती बटालियनमधील आत्महत्यांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने भरतीचे काम एक दिवस थांबवले होते.

ठाणे जिल्हा मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तेथे मन वळवण्याचे काम फारसे नसते. उमेदवार जागांहून कितीतरी अधिक असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंब्रा येथे अग्निवीर भरती मेळावा झाला. त्या वेळच्या निकषांनुसार १.६ किमी धाव ५ मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करावी लागे. वेळ संपून दोरी आडवी पडली की एका सेकंदाने मागे राहिलेल्यालाही परत पाठवणे भरतीवरील हवालदाराला भाग असते. दलालांच्या भूलथापांना बळी पडू नका, हेही त्यालाच पुनःपुन्हा सांगावे लागते. निवड स्वच्छ झाली याची खात्री ही येथील प्रेरणेची खरी बाजू मानावी लागेल. २०२३ पासून संगणकीय लेखी परीक्षा आधी होत असल्याने मैदानावर येणाऱ्यांची संख्या आटोक्यात राहते.