साखळीच्या कडीचे वेल्डिंग

तार किंवा सळई वाकवून केलेल्या कडीची दोन टोके तापवून, दाबून एकजीव करण्याची क्रिया. ओझी उचलण्याच्या, माल बांधण्याच्या आणि जहाजाच्या नांगराच्या साखळीत हीच पायरी निर्णायक असते. वाकवणे, ओवणे, पाणी देणे (तापवून झटकन थंड करून कठीण करणे), ताणून पाहणे ही कामे तिच्या आगेमागे येतात. सायकलची पट्ट्या आणि पिनांची साखळी वेगळ्या जातीची आहे. तिचा विचार या नोंदीत केलेला नाही.

रूळ किंवा नळ्या जोडताना दोन सुटे तुकडे असतात. कडीत तुकडा एकच, त्याचीच दोन टोके समोरासमोर आलेली, आणि तो तुकडा शेजारच्या कडीत आधीच अडकलेला. कडी आधी जोडावी आणि मग ओवावी अशी सोय नाही. प्रत्येक सांधा साखळीत गुंतलेल्या अवस्थेतच करावा लागतो. शिवाय सांध्यांची संख्या प्रचंड असते. आखूड कडीच्या साखळीत कडीची आतली लांबी तारेच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट ठेवतात. म्हणजे 10 मिमी तारेच्या साखळीत दर मीटरला 33 कड्या आणि तितकेच सांधे. हजारात एकच सांधा कच्चा राहिला, तरी शंभर मीटर साखळीत सरासरी तीन कच्च्या कड्या निघतील, आणि साखळी तुटायला एक पुरते. कडी जोडणे मुळात फारसे अवघड नाही. हजारो कड्या सारख्याच जोडणे अवघड आहे, आणि या क्षेत्रातली यंत्रे त्याच अडचणीतून घडली.

ऐरणीवरचा सांधा

विजेच्या आधी एकच रीत होती. सळईची टोके तिरकी आणि चपटी करायची, कडी वाकवून टोके एकावर एक आणायची, भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घणाच्या मोजक्या घावांत एकजीव करायची. यासाठी घडीव लोखंड उत्तम. त्यात कार्बन नगण्य असतो आणि धातूच्या तंतूंमध्ये मळीचे बारीक धागे असतात. 1,300 अंश सेल्सियसच्या आसपास ही मळी वितळून पृष्ठभागावरच्या ऑक्साइडला पातळ करते आणि घाव बसताच दोन्ही बाहेर फेकली जातात. पोलादात ही सोय नसल्याने वाळू किंवा टाकणखार टाकावा लागतो. कारागीर तापमान ओळखत असे ते रंगावरून आणि लोखंडातून उडू लागलेल्या पहिल्या ठिणग्यांवरून. क्षणभर उशीर झाला की लोखंड जळते, क्षणभर घाई झाली की सांधा वरून जुळलेला दिसतो आणि आत उघडा राहतो.

जहाजांचे नांगर शतकानुशतके ताग-अंबाडीसारख्या तंतूंच्या जाड दोरांवर सोडले जात. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलातील सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्याने लोखंडी साखळीचा आग्रह धरला आणि काही दशकांत दोरांची जागा साखळीने घेतली. कडीच्या मधोमध आडवी दांडी बसवण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. ताणाखाली कडी चिंबू नये आणि ढीग घातलेली साखळी एकमेकींत अडकू नये, ही त्या दांडीची दोन कामे. सांध्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणे महागात पडते हे लवकरच कळले. 1864 मध्ये ब्रिटनने कायदाच केला आणि विक्रीपूर्वी नांगर व साखळ्या परवानाधारक चाचणीगृहात ताणून पाहणे बंधनकारक झाले.

इंग्लंडच्या ‘ब्लॅक कंट्री’ भागातील क्रॅडली हीथ हे हातघडीच्या साखळीचे मोठे केंद्र होते. जाड साखळी कारखान्यांत पुरुष घडवत. बारीक साखळी घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर स्त्रिया घडवत. तिथे ‘ऑलिव्हर’ नावाचा पायाने चालवायचा हातोडा असे. हाताने सांधा मारून झाला की या हातोड्याखाली तो गोल आणि गुळगुळीत करत. 1910 मध्ये तिथल्या स्त्री-कारागिरांनी मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा आठवडे संप केला आणि तासाला अडीच पेन्स हा किमान दर मालकांना मान्य करायला लावला. वेल्डिंगच्या इतिहासात हा संप सहसा सांगितला जात नाही, पण कडीमागे किती श्रम लागत आणि त्याचे मोल काय होते, हे त्या अडीच पेन्सांत दिसते.

विजेचा सांधा

एलिहू थॉमसन या अमेरिकी संशोधकाला रोध-वेल्डिंगची कल्पना सुचली ती फिलाडेल्फियातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये 1870च्या दशकात केलेल्या एका प्रयोगात. नुसत्या टेकलेल्या दोन जाड तारा विजेच्या झटक्याने चिकटल्या होत्या. 1886 मध्ये त्याला पेटंट मिळाले. तत्त्व सोपे आहे: तारेतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि जिथे रोध जास्त तिथे सर्वाधिक साठते. दोन टोके नुसती टेकलेली असतात तिथे रोध सर्वाधिक. म्हणून रोहित्राने विजेचा दाब काही व्होल्टांवर उतरवायचा, प्रवाह हजारो अँपिअरवर चढवायचा आणि धातू मऊ झाला की टोके एकमेकांत दाबायची. टोकांचा धातू थोडा बाहेर फुगतो. त्याच्याबरोबर ऑक्साइडही निघून जाते आणि आत शुद्ध धातूला शुद्ध धातू भिडतो. बाहेरून भरणधातू घालावा लागत नाही.

कडीला हे तत्त्व लावताना मात्र तिचा आकार आडवा येतो. तांब्याचे इलेक्ट्रोड सांध्याच्या दोन बाजूंना टेकवले की प्रवाहापुढे दोन वाटा असतात. एक थेट सांध्यातून, दुसरी मागून, उरलेल्या कडीला वळसा घालून. आखूड कडीचा मध्यरेषेवरचा परीघ तारेच्या व्यासाच्या साधारण दहा-अकरा पट भरतो. इलेक्ट्रोडांमधले अंतर एक-दोन व्यासांचे असते. म्हणजे मागची वाट लांब आहे, पण बंद नाही. जो प्रवाह तिथून जातो तो सांध्याच्या कामी येत नाही, कडीची पाठ मात्र तापवतो. सांध्याची टोके गंजलेली, तेलकट किंवा वेडीवाकडी कापलेली असतील, तर प्रवाह आणखी मागे वळतो आणि सांधा थंड राहतो. तार कापण्याची पाती बोथट झाली की वेल्ड बिघडते, त्यामागे हेच कारण असते. गंमत म्हणजे हा दोष वेल्डिंग यंत्रात शोधला जातो, आणि असतो मात्र आधीच्या वाकवण्याच्या यंत्रात.

दुसरी अडचण दाबाची. टोके एकमेकांत दाबायची तर कडीची दोन्ही वळणे बाहेरून आत ढकलावी लागतात, आणि त्याला कडीची पाठ स्प्रिंगसारखा विरोध करते. दाब काढताच ती पूर्ववत उलगडू पाहते. त्या क्षणी सांधा अजून लाल असेल तर तो आतून ताणला जाऊन तडकतो. म्हणून प्रवाह थांबल्यावरही जबडे क्षणभर मिटलेले ठेवतात. जाड कड्यांत पाठही गरम ठेवणे हा दुहेरी फायद्याचा उपाय ठरतो: तापलेल्या पोलादाचा रोध कित्येक पट वाढतो, त्यामुळे मागून पळणारा प्रवाह घटतो, आणि मऊ झालेली पाठ दाबाला विरोधही कमी करते.

सांधा कडीच्या वळणावर न घेता सरळ बाजूवर घेतात, तेही विचारपूर्वक. साखळी ताणली की वळणावर वाकण्याचा आणि शेजारच्या कडीच्या घर्षणाचा भार येतो. सरळ बाजूवर मुख्यतः ओढ असते. इलेक्ट्रोड टेकवायलाही तीच जागा सोयीची.

ठिणग्यांचे वेल्डिंग

बारीक आणि मध्यम तारेला वरची साधी टक्कर-पद्धत पुरते. जाड सळईत संपूर्ण छेद एकसारखा तापत नाही. जिथे टोके आधी भिडतात तिथे धातू वितळतो, बाकी भाग थंडच. यावर उपाय म्हणजे फ्लॅश-वेल्डिंग. यात टोके घट्ट न दाबता, प्रवाह चालू ठेवून अगदी सावकाश जवळ आणतात. जिथे जिथे उंचवटे टेकतात तिथे धातू क्षणात वितळून ठिणग्यांच्या फवाऱ्याने उडतो, मग दुसरे उंचवटे टेकतात, तेही उडतात. असे करत दोन्ही पृष्ठभाग आपोआप सपाट, स्वच्छ आणि सारखे तप्त होतात, आणि धातूची वाफ हवेला आत येऊ देत नाही. मग एका झटक्यात टोके एकमेकांवर आदळवली जातात. वितळलेला सगळा थर बाहेर फेकला जातो आणि सांधा घन अवस्थेतल्या धातूचा होतो. ठिणग्या संपल्यापासून आदळेपर्यंत जरा जरी खंड पडला तरी ऑक्साइडचा पापुद्रा आत अडकतो. तो बाहेरून दिसत नाही, पण तोडून पाहिले की चकचकीत छेदात मळकट सपाट ठिपका दिसतो.

समुद्रातील तेल-मंचांच्या आणि मोठ्या जहाजांच्या साखळ्या अशाच घडतात. काही साखळ्यांत सळईचा व्यास 150 मिमीच्याही पुढे जातो. एक कडी उचलायला यारी लागते. सळई आधी विजेने लाल करून वाकवतात, मागच्या कडीत ओवून वेल्ड करतात, गरम असतानाच सांध्याभोवतीचा फुगवटा पात्यांनी खरवडतात आणि हवी असल्यास मधली दांडी बसवतात. दांडीला वेल्ड करायचेच असेल तर ते एकाच टोकाला, तेही कडीच्या मुख्य सांध्याच्या समोरच्या बाजूला. दोन्ही टोके जखडली तर कडीला ताण वाटून घ्यायला मोकळीक उरत नाही. जहाजे आणि सागरी सामग्री तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार समुद्री साखळीच्या प्रत्येक कडीच्या वेल्डिंगमधला प्रवाह, जबड्यांची हालचाल आणि दाब यांची नोंद ठेवावी लागते.

सांधा टाळण्याचाही एक प्रयत्न झाला. 1926 मध्ये बॉस्टनच्या नौदल गोदीत अशी कडी विकसित झाली, जिचा एक अर्धा भाग खाचांच्या दांड्यांचा आणि दुसरा पोकळ खोबणींचा. खोबणीचा भाग तापवून दांड्यांवर चढवायचा आणि साच्यात घणाने आवळायचा. वेल्ड नाही, ठिणगी नाही. अमेरिकी नौदलाने ही साखळी दीर्घकाळ वापरली, पण आतल्या खाचा तपासता येत नाहीत आणि तिथे पाणी शिरून गंजही चढतो. फ्लॅश-वेल्डिंग भरवशाचे झाल्यावर हा मार्ग मागे पडला.

यंत्रांची साखळी

बारीक व मध्यम साखळीसाठी सहसा दोन यंत्रे असतात. पहिले वाकवण्याचे: ते वेटोळ्यातली तार सरळ करते, मापात कापते, आधीच्या कडीतून आरपार घालते आणि कॅमने (फिरताना हत्याराला ढकलणाऱ्या उंचसखल चकतीने) चालणाऱ्या हत्यारांनी वळवते. इथून साखळी बाहेर पडते ती पूर्ण ओवलेली, पण प्रत्येक कडीला फट असलेली. दुसरे वेल्डिंगचे. साखळीत शेजारच्या कड्या एकमेकींना काटकोनात असतात, म्हणून अनेक यंत्रे एका फेरीत एकाआड एक कडीच वेल्ड करतात आणि उरलेल्यांसाठी साखळी पुन्हा आत जाते. काही यंत्रांत दोन वेल्डिंग-डोकी असतात. सांधा झाला की लगेच, धातू गरम असतानाच, फुगवटा काढतात. तो राहिला तर कडी शेजारणीत अडते आणि कप्पीवर नीट बसत नाही. जर्मनीतील राॅइटलिंगेन येथील वाफिओस हे या प्रकारच्या यंत्रांचे एक जुने नाव.

पूर्वी प्रवाहाची वेळ कॅमवरून ठरायची आणि कारागीर ठिणगीच्या आवाजावरून यंत्र जुळवायचा. आता इन्व्हर्टर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण प्रवाह नियंत्रित करते आणि प्रत्येक सांध्याची आकडेवारी पाहून संशयित कडीवर खूण केली जाते.

दागिन्यांच्या साखळीची गोष्ट निराळी. सोन्याच्या बारीक कडीला वेल्डऐवजी डाख देतात: एक तर तारेच्या गाभ्यातच डाखाचा धातू भरलेला असतो, किंवा साखळीला डाखाची पूड लावून, कड्या चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याच्या भुकटीत घोळवून भट्टीतून काढतात. लेझरने मात्र खरे वेल्ड होते, तेही एकेका कडीचे.

पोलाद, दोष आणि चाचणी

साध्या साखळीला कमी कार्बनचे पोलाद चालते. उचलण्याच्या साखळीसाठी निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेले बारीक कणांचे मिश्रपोलाद घेतात. अशा पोलादाचा सांधा वेल्डनंतर कठीण आणि ठिसूळ असतो, म्हणून संपूर्ण साखळी पुन्हा तापवून पाणी देतात आणि टेंपरिंग करतात, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून बेताने परत तापवतात. त्याने सांधा आणि मूळ धातू यांची रचना जवळजवळ सारखी होते. ‘ग्रेड 80’ याचा अर्थ तुटतेवेळी कडीच्या दोन्ही बाजूंच्या छेदांवर सरासरी ताण किमान 800 न्यूटन प्रति चौरस मिमी. 10 मिमीच्या साखळीला हे सुमारे 126 किलोन्यूटन पडते, आणि अशा उचल-साखळीवर प्रत्यक्षात त्याच्या चौथाईच, म्हणजे 3.15 टन भार टाकायला परवानगी असते. कारखान्यात मात्र संपूर्ण साखळी कामाच्या भाराच्या अडीचपट ताणून पाहतात आणि नमुन्याच्या कड्या तोडून बघतात. तुटण्यापूर्वी त्या किमान 20 टक्के लांबायला हव्यात; न लांबता तुटणारी कडी कितीही भार पेलो, ती नापास.

अर्धवट जुळलेला सांधा आणि अडकलेले ऑक्साइड यांच्याखेरीज एक दोष सहज निसटतो: इलेक्ट्रोड नीट न टेकल्याने सांध्याच्या शेजारी पडलेला चटका. त्या बिंदूवर पोलाद क्षणात वितळून थिजते, कधी त्यात तांबेही शिरते, आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. भार-चाचणीत तो बहुधा टिकतो, म्हणून जाड साखळ्यांत चुंबकीय कणांनी आणि श्राव्यातीत ध्वनीने सांध्याचा परिसर वेगळा तपासतात.

उचलण्याच्या साखळीची तुटलेली कडी साध्या आर्क वेल्डिंगने सांधत नाहीत. आर्क बाहेरून धातू भरतो पण गाभा जुळेलच असे नाही, आणि भोवतालच्या पोलादाला दिलेले पाणी उतरून जाते. खराब भाग कापून तिथे त्याच ग्रेडची यांत्रिक जोडकडी बसवतात, नाहीतर साखळी भंगारात जाते.