घात खालून झाला: स्टारशिपच्या लाँच पॅडचं (उड्डाणाच्या चौथऱ्याचं) काय चुकलं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत विचारा, वितळलेलं बीड उघड्या काँक्रीटवर सांडलं तर काय होतं. टवके गोळीसारखे उडतात. काँक्रीट वरून कितीही वाळलेलं दिसलं तरी त्याच्या पोटात पाणी असतंच. त्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. ती मिळाली नाही, की वरचा थर फुटतो. म्हणून ओतकामाच्या जागी खाली वाळू पसरलेली असते.

20 एप्रिल 2023 ला टेक्सासमधल्या बोका चिकाहून स्पेसएक्स कंपनीचं महाकाय रॉकेट स्टारशिप पहिल्यांदा पूर्ण जोडणीसह उडालं. खाली 33 इंजिनं, पूर्ण जोर लावला तर 7,500 टनांच्या आसपास रेटा. श्रीहरिकोट्याहून आपलं एलव्हीएम3 रॉकेट उठतं ते साधारण हजार टनांवर. आणि एवढा झोत कुठे सोडला? सरळ खालच्या सपाट काँक्रीटवर. ज्वाळा बाजूला वळवणारा खंदक तिथे नव्हताच. समुद्राला लागून असलेल्या सखल जागेत खोल खणणं सोपं नसतं, हे खरं; तरी हा धोका पत्करायला नको होता, असं माझं मत.

काँक्रीट मात्र साधं नव्हतं, ताप सोसणारं खास होतं. फेब्रुवारीत 31 इंजिनं जागेवरच पेटवून चाचणी झाली होती आणि पॅड टिकला होता. पण ती सुमारे निम्म्या जोरावर! निम्मा भार पेलणारी लादी दुप्पट भाराला दुप्पट झिजते असं नाही. वाकता वाकता ती एकदम मोडते. स्पेसएक्सचा अंदाजही तसाच होता: झोताच्या दाबानं खालची वाळू दबली, लादी वाकून तडकली आणि फटींतून तापलेला वायू खाली शिरला. मग काय, आधी वरून दाबणारा वायू आता खालून उचलू लागला. पॅडखाली मोठा खड्डा पडला आणि काँक्रीटची ढेकळं, सळ्या 385 एकरांवर विखुरल्या. साडेतीन एकरांत आगही लागली. भुगा वाऱ्यानं 10 किलोमीटरपर्यंत गेला, म्हणजे बेळगाव शहरातून उडालेली धूळ सांबरा विमानतळावर बसावी तेवढा. (उड्डाणात काही इंजिनं बंद पडली, ती या उडालेल्या तुकड्यांमुळे, असा पुरावा मिळाला नसल्याचं कंपनीनं सांगितलं.)

उपाय पाण्याचा निघाला, आणि तो नवा नव्हे. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या काळात फ्लोरिडात टाकीतलं 11 लाख लिटर पाणी 41 सेकंदांत पॅडवर ओतलं जाई. तिथे मुख्य काम आवाजाचा हादरा शोषण्याचं. बोका चिकात जाड पोलादी पत्रा बसवला, त्याला भोकं ठेवली आणि त्यांतून पाणी जोरात वर फवारलं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. ती पाण्यानं खाल्ली, तेवढीच पोलादाची वाचली.

18 नोव्हेंबर 2023 च्या दुसऱ्या उड्डाणात पत्रा शाबूत राहिला. तरी शेजारी नंतर बांधलेल्या दुसऱ्या पॅडला त्यांनी खंदक दिलाच.