सालीवरचा अर्धा मिलिमीटर

एकायनोस्टेलियम मिन्यूटम हा स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव, दुर्मीळ मुळीच नाही. जिवंत झाडांच्या सालीवर आणि कुजक्या लाकडावर तो जगभर सापडतो. पण त्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. केसासारखा देठ आणि टोकाला बीजाणूंची पांढरट-गुलाबी गोळी, एवढाच सगळा संसार. रानात हिंडून तो दिसायचा कसा?

त्याला नाव दिलं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी. स्लाइम मोल्ड बुरशीपेक्षा प्राण्यांना जवळचे आहेत, असं ते १८५० च्या दशकाअखेरीसच मांडू लागले होते. त्यांचे पोलिश विद्यार्थी यूझेफ रोस्ताफिन्स्की यांनी १८७४ पासून या जीवांवर मोठा ग्रंथ छापला, तोही पोलिशमध्ये. त्यामुळे बाकीच्या युरोपातल्या अभ्यासकांची पंचाईतच झाली असणार! या जातीचं वर्णन त्याच ग्रंथात आलं.

खरी कलाटणी मिळाली १९३३ मध्ये. अमेरिकेतल्या आयोवात गिल्बर्ट आणि मार्टिन या दोघांनी जिवंत झाडांच्या साली आणून प्रयोगशाळेत दमट ठेवल्या. पद्धत अगदी साधी. काचेच्या बशीत टिपकागद, त्यावर सालीचे तुकडे, वर ऊर्ध्वपातित पाणी. दिवसभराने जादा पाणी ओतून टाकायचं आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली तिरक्या उजेडात न्याहाळायचं. एकायनोस्टेलियम तर काही दिवसांतच डोकं वर काढतो. रानात जाऊन जीव शोधण्याऐवजी सालीत दडलेल्या बीजाणूंना घरी आणून जागं करायचं, ही या पद्धतीतली खरी गंमत. सालीवरच्या चिमुकल्या जातींच्या याद्या त्यानंतरच फुगू लागल्या.

१९६० मध्ये कॉन्स्टंटाइन अलेक्सोपोलस यांनी स्लाइम मोल्डच्या प्लाझमोडियमचे, म्हणजे भिंती नसलेल्या सरपटत्या जीवद्रव्याचे, तीन प्रकार मांडले. इतर काही जातींत ते जाळ्यासारखं हातभर पसरू शकतं. एकायनोस्टेलियमचं मात्र शेवटपर्यंत एक सूक्ष्म ठिपकाच राहतं, त्यात शिरा नाहीत, आणि त्यातून एकच गोळी उगवते. एवढा साधेपणा पाहून हाच सगळ्यांचा पूर्वज असावा, असं वाटणं साहजिक होतं. पण २००५ मध्ये जनुकांवरून आखलेल्या वंशवृक्षात तो गडद बीजाणूंच्या शाखेच्या बुडाशी बसला. पिवळसर, फिक्या बीजाणूंची शाखा त्याच्यापासून वेगळी निघाली, म्हणजे तो सगळ्यांचा पूर्वज ठरला नाही.