‘ळ’ची पूर्वपीठिका

‘ळ’ हे मराठीचे खास अक्षर मानले जाते. ती समजूत सोडून द्यावी लागते ती ऋग्वेदाच्या पहिल्याच शब्दांपाशी: ‘अग्निमीळे पुरोहितम्’. यातला ‘ळ’ मुळात ‘ड’ आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘ड’चा ‘ळ’ आणि ‘ढ’चा ‘ळ्ह’ होतो, असा नियम ऋक्प्रातिशाख्याने, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथाने, नोंदवला आहे. लगेच पुढच्या ऋचेत त्याच ‘ईड्’ धातूपासून झालेला ‘ईड्यः’ हा शब्द येतो. तिथे ‘ड’ला ‘य’ जोडलेला असल्यामुळे तो तसाच राहिला आहे. अभिजात संस्कृताने मात्र हे अक्षर सोडले आणि पाणिनीय व्याकरण-परंपरेतल्या माहेश्वर सूत्रांतही, म्हणजे वर्णांची यादी देणाऱ्या चौदा सूत्रांतही, त्याला जागा नाही.

लोकभाषांनी ते टाकले नाही. पालीत ‘षोडश’चे ‘सोळस’ झाले, मराठीत ‘सोळा’; ‘दाडिम’चे ‘डाळिंब’ही त्याच वाटेने आले. मराठीतले बहुसंख्य ‘ळ’ मात्र ‘ड’पासून नव्हे, तर ‘ल’पासून आलेले आहेत, आणि इथेही प्रश्न पुन्हा जागेचाच आहे. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ बदलला, म्हणून ‘फल’चे ‘फळ’ आणि ‘वेला’चे ‘वेळ’ झाले. प्राकृतात जिथे ‘ल्ल’ असे द्वित्त होते, तिथे त्यातला एक ‘ल’ गळून दुसरा शाबूत राहिला. ‘गल्ल’पासून ‘गाल’ आला तो असा. आदल्या दिवसाचा ‘काल’ हा ‘कल्य’, ‘कल्ल’ या मार्गाने आला आणि समयवाचक ‘काल’ ‘काळ’ झाला, त्यामुळे आज निव्वळ एका अक्षराने वेगळे वाटणारे हे दोन शब्द मुळातच परस्परांचे कोणी नव्हेत. संस्कृतातून पुढे थेट उचललेल्या शब्दांना हा नियम लागला नाही. म्हणून आपण ‘फळ’ म्हणतो, पण ‘फलित’ लिहितो. शब्दारंभी मराठीत ‘ळ’ येत नाही, याचे कारणही हेच, की हा बदल दोन स्वरांमध्येच होतो.

गुजराती, राजस्थानी, कोकणी आणि ओडिया या भाषांतही ‘ळ’ नांदतो. पंजाबीत तो उच्चारात आहे. लिपीत ‘ल’खाली टिंब देऊन दाखवतात, पण पुष्कळदा ते टिंब गाळलेच जाते. बंगाली आणि प्रमाण हिंदीत तो नाही, त्यामुळे बाळ गंगाधर टिळक हिंदीत ‘बाल गंगाधर तिलक’ होतात.

दक्षिणेत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या चारही भाषांत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर आहे, शिवाय तमिळ-मल्याळममध्ये आणखी एक जवळचा ध्वनी आहे, जो देवनागरीत ‘ऴ’ असा टिंब देऊन लिहितात. जुन्या कन्नडातही तो होता, पुढे लोपला. ‘तमिऴ’ या नावात तोच आहे. रोमन लिपीत तो ‘झेड’ आणि ‘एच’ जोडून लिहिण्याची पद्धत पडली आणि ती अक्षरे वाचूनच मराठी वृत्तपत्रांनी ‘कोझिकोड’ छापायला सुरुवात केली असावी. मूळ उच्चारात ‘झ’ कुठेच नाही, आणि ‘कोळिकोड’ लिहिले असते तर आपण त्याच्या बरेच जवळ गेलो असतो.

आर्यभाषांनी हा ध्वनी द्राविडी भाषांच्या सहवासातून उचलला, की तो त्यांच्यात आपोआप घडत गेला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. भौगोलिक शेजार पहिल्या मताच्या बाजूने बोलतो. पण पंजाबी आणि राजस्थानीतला ‘ळ’ केवळ आजच्या शेजारावरून उलगडत नाही.