सालई गुग्गुळ

सालई गुग्गुळ : सालई (सं. शल्लकी, गजभक्ष्या, हिं. सलई, लॅ. बॉस्वेलिया सेराटा, कुल–बर्सेरेसी) या वृक्षाच्या सालीला खाच दिल्यावर पाझरणारा सुगंधी, राळयुक्त डिंक. सातपुडा, मेळघाट व खानदेशातील कोरड्या पानझडी जंगलांत हा वृक्ष आढळतो. डिंकाचा अर्क आतड्याच्या दीर्घकालीन दाहावर, मुख्यतः अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्यात व्रण पाडणाऱ्या दाहावर), पूरक म्हणून घेतला जातो. नावात गुग्गुळ असला तरी खरा गुग्गुळ कॉमिफोरा या वेगळ्या प्रजातीपासून मिळतो.

या डिंकाच्या ओळखीचा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज संस्कृतज्ञ कोलब्रुक यांनी प्राचीन ग्रीक-रोमन जगातला धूप म्हणजे भारतीय सालईचाच डिंक, असे मत मांडले. ते बराच काळ मान्य होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पूर्वी अध्यापक असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० मध्ये बॉस्वेलिया प्रजातीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात अरबस्तान व सोमाली किनाऱ्यावरच्या जातींचे वर्णन आल्यावर कोलब्रुक यांची बाजू मागे पडली. प्राचीन धूप या परदेशी जातींचा होता, हे बर्डवुड यांचेच मत आज ग्राह्य धरावे लागते. संस्कृत ग्रंथांतील ‘कुंदुरू’ हा सालईचा डिंक की अरबी ‘कुंदुर’ नावाने येणारा आयात माल, याबद्दल मात्र एकमत नाही. बाजारात दोन्ही माल एकत्र विकले जात असल्याने दोन्ही अर्थ रूढ झाले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लोबान हा शब्दही ऊद व कुंदुर अशा दोन्ही डिंकांना लावला जात असल्याने गोंधळात भर पडते.

पोटाच्या विकारांशी सालईचा संबंध चरकसंहितेपर्यंत मागे नेता येतो. पण तो जपून सांगायला हवा. पुरीषविरजनीय, म्हणजे मळाचा बिघडलेला वर्ण सुधारणाऱ्या, दहा द्रव्यांत तेथे शल्लकीची साल आहे, डिंक नाही. आजच्या कॅप्सूलमध्ये डिंकाचा अर्क असतो. चरकाचा दाखला देऊन कॅप्सूल विकणारे हा फरक सांगत नाहीत. तो सांगितलाच पाहिजे.

डिंकातील बॉस्वेलिक आम्ले, विशेषतः एकेबीए हे संयुग, दाहकारक ल्युकोट्राइने तयार करणाऱ्या ५-लिपॉक्सिजनेज या विकराला (एंझाइमला) रोखतात, असे जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधनातून १९९० च्या दशकात पुढे आले. परंतु हे संयुग आतड्यातून अल्प प्रमाणात शोषले जाते व रक्तातील त्याची पातळी फार कमी राहते. म्हणून खरी क्रिया कॅथेप्सिन-जी या दुसऱ्या विकरावर किंवा प्रोस्टाग्लँडिन ई-२ या दाहकारक द्रव्याच्या निर्मितीवर होत असावी, असे अलीकडचे काही अभ्यासक मानतात. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास शोषण वाढते.

१९९७ च्या एका भारतीय अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना ३५० मिग्रॅ. डिंक दिवसातून तीनदा असा सहा आठवडे दिला. त्यांपैकी ८२ टक्के रुग्णांत रोग शमला. सल्फासॅलॅझिन हे या रोगावरील नेहमीचे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ७५ टक्के होते. २००१ मधील अभ्यासात दिवसाला ९०० मिग्रॅ. डिंक घेणाऱ्या २० पैकी १४, तर सल्फासॅलॅझिन घेणाऱ्या १० पैकी ४ रुग्णांना आराम पडला. आकडे उत्साहवर्धक असले तरी रुग्णसंख्या लहान आहे. क्रोन रोगात, म्हणजे आतड्याच्या दुसऱ्या एका दीर्घकालीन दाहात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ आठवड्यांच्या जर्मन चाचणीत शमन टिकवण्यात हा अर्क निष्क्रिय गोळीहून सरस ठरला नाही. २००५ मधील प्रयोगांत उंदरांचा कोलायटिस कमी झाला नाही, उलट मोठ्या मात्रेत यकृताला इजा दिसली. या पुराव्यावर नेहमीची औषधे थांबवून हा अर्क घेणे धोक्याचे आहे. मळमळ, आम्लपित्त व जुलाब हे दुष्परिणाम संभवतात.

सालईचे लाकूड मऊ असून मध्य प्रदेशातील नेपानगरच्या कारखान्यात त्यापासून वृत्तपत्राचा कागद बनवीत. खोलवर खाचा दिल्यास झाड दुबळे होते.