प्लाट ही बिघडलेली जर्मन नव्हे

उत्तर जर्मनीतली प्लाट बोली म्हणजे खेड्यापाड्यांत बिघडलेली प्रमाण जर्मन, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. खरं तर बदलली ती दक्षिण. इसवीसनाच्या पहिल्या सहस्रकात तिथे प, ट, क यांचे उच्चार सरकले. उत्तरेत ते टिकले. प्रमाण जर्मन दक्षिणेकडच्या बोलींवर उभी आहे.

पडताळायला त्याच भाषाकुळातली इंग्रजी शेजारी ठेवा. पाणी: प्लाट 'वाटर', प्रमाण 'वासर', इंग्रजी 'वॉटर'. सफरचंद: 'आपल', 'आप्फेल', 'ॲपल'.

त्याहून पक्का पुरावा उसन्या शब्दांत सापडतो. रस्त्याला लॅटिनमध्ये 'स्त्राटा'. प्लाटमध्ये 'स्त्राट', प्रमाण जर्मनमध्ये 'श्त्रासं'. प्लाट नंतर बिघडली असती, तर मूळचा ट तिला परत कुठून मिळाला असता?

तिला 'खालची जर्मन' म्हणतात तेही दर्जावरून नव्हे, समुद्रालगतच्या सखल प्रदेशावरून.